मागच्या रस्त्याने घ्या, मास्तर

हॅलो?

हां, बोल… अगं, हुकाला माल आहे, क्रेन चालू असताना फोन घ्यायची बंदी आहे, माहितीये ना तुला… नाही, रागावलो नाही. तू या वेळेला कधी करत नाहीस म्हणून उचलला. बोल… काय? मोठ्याने बोल, वाऱ्यात काही कळत नाही. थांब, केबिनची काच ओढतो.

हां, आता बोल.

काय म्हणालीस?

कधी?

किती जातंय?

थांब. थांब, थांब, थांब. ऐक माझं. फोन ठेवू नकोस. मी तो मांडीवर ठेवतोय, दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं. दीड टन सळई लटकतेय हवेत, खाली माणसं आहेत. ती टेकवतो आणि बोलतो. तू जिथे आहेस तिथेच खाली बस. फोन कानालाच धर. आलो मी.

हां साहेब, वॉकी घेतला… हो, मोबाईल वाजला. हो, चूक झाली, मागून शिव्या घाला. आधी हा भारा उतरवून घ्या माझ्याकडून… डावीकडे किती?… बोला… बोला… अजून हातभर… टेकला? साखळ्या सोडा… सुटल्या? सगळे बाजूला व्हा, हुक वर घेतोय… साहेब, मला जरा वेळ द्या. घरून फोन आहे… बायकोचा… हो, तब्येतीचंच. वॉकी चालू ठेवतो.

हॅलो? आहेस ना?… हं. उतरवलं. आता हुक मोकळा, मी मोकळा. सांग. सावकाश सांग.

डाग आहे की जास्त?… नुसता डाग नाही. बरं… लाल म्हणजे कसं लाल? तपकिरी असलं तर घाबरू नका म्हणाल्या होत्या डॉक्टरबाई… नाही, तपकिरी नाही. बरं… बरं. गुठळी?… एक. केवढी?… लिंबाएवढी म्हणजे लहान लिंबू की… हो, हो, मूर्खासारखं विचारतोय मी. सोड ते.

पोटात दुखतंय?… कमरेत. सारखं की थांबून थांबून?… हं.

दवाखान्यात केलास फोन?… मग काय म्हणाल्या?… 'लगेच या.' एवढंच? आणखी काही नाही?… आडवं पडून या. बरं. म्हणजे त्यांना बघायचंय. बघितल्याशिवाय कुणी काही सांगू शकत नाही. हो ना? बघितल्याशिवाय काहीच नाही.

परवावर तर आली होती गं आपली पहिली सोनोग्राफी. परवा. सहा आठवडे काढले, आणि दोनच दिवस राहिले होते… नाही, तसं नाही म्हणायचं मला. तसं नाही.

काय करत होतीस?… अगं, सहज विचारतोय… मशीनवर? शिलाई मशीनवर बसली होतीस? पायाने चालवायचं मशीन ते!… किती वेळ?… दोन कॉलरी. दोन कॉलरींसाठी! शाळेला चार दिवस उशिरा मिळाले असते गणवेश तर आभाळ कोसळणार होतं का? तुला लाख वेळा…

…

अगं…

ऐक. ऐक ना. चुकलो. तोंडातून गेलं. तुझ्यामुळे काही झालेलं नाही… नाही, नाही, मी सांगतो ना. डॉक्टरबाईच म्हणाल्या होत्या, चाला, फिरा, हलकं काम करा, पलंगाला खिळून राहू नका. म्हणाल्या होत्या की नाही?… मग. कॉलर शिवून कुणाचं काही जात नाही. घाबरलं की मी असा ओरडतो, तुला माहितीये. आपल्या लग्नात बँडवाल्यावर ओरडलो होतो, तो बिचारा वेळेवर आला होता तरी… हसलीस? नाही? बरं, हसू नकोस.

आता गाडीचं बघू… टॅक्सीला वीस मिनिटं दाखवतेय? नको. वरचे मास्तर आहेत ना घरी. गाडी आहे त्यांची… जिना चढू नकोस! अजिबात नाही. मी त्यांना लावायचा तर तुझा ठेवावा लागेल, आणि तुझा मी ठेवणार नाही. झाडू कुठे आहे?… उलटा धर आणि छताला ठोक. हो, ठोक. आपला रेडिओ जरा मोठा झाला की ते नाही का काठी आपटत? आज आपण आपटू… स्टुलावर नको! भिंतीला धरून उभी राहा, हळू… ठोक… येतंय ऐकू. आणखी जोरात. नऊ वर्षांचा राग काढ त्यांच्यावर…

आले?… बघ. दार ढकलेलंच आहे ना?… काय म्हणतायत?… 'ही काय पद्धत झाली'? दे त्यांच्याकडे फोन. दे.

नमस्कार मास्तर. ऐका, भांडण आपण मागाहून करू. तिला दवाखान्यात न्यायचंय, आत्ताच्या आत्ता… दिवस गेलेत तिला. सहा आठवडे… हो, तुम्हाला नव्हतं सांगितलं. कुणालाच नाही सांगितलं. रक्त जातंय, मास्तर…

मास्तर? ऐकताय ना?

हो… नाही, सरकारी नाही. ती उंच पिवळी इमारत, मूल होण्यासाठी उपचार करतात ते. तिसरा मजला, लिफ्ट आहे… हो, तिथेच. तीन वर्षं तिथेच चाललंय आमचं… चष्मा कपाळावर असेल तुमच्या, चाचपून बघा… शर्ट असू द्या तसाच, कुणी बघत नाही. मास्तर, पाया पडतो तुमच्या, निघा. आणि फोन तिला द्या.

हां, मीच. एक टॉवेल खाली घे, एक बरोबर घे. फाईल… हो, निळी, सगळे रिपोर्ट त्यातच आहेत. मागच्या सीटवर आडवी हो, पायाखाली उशी… सोफ्याची घे, कुठलीही घे, डाग पडले तर पडले… मास्तर हात देतायत ना?… हळू. एकेक पायरी.

मी? मी वरच आहे अजून. उतरायला पंधरा मिनिटं लागतात गं, सरळ शिडी आहे… हो, उतरणारच आहे, तुझ्याकडेच येणार आहे, दुसरं कुठे जाणार… थांब. एक मिनिट थांब. मोठ्या रस्त्यावर काय झालंय? सगळं तुंबलंय. चौकात बस आडवी पडलीये, तिच्यामागे पार पुलापर्यंत गाड्या. कुणी हलत नाहीये. फोन स्पीकरवर टाक. टाकलास?

मास्तर! मोठ्या रस्त्याला लागू नका. अडकाल. मागच्या रस्त्याने घ्या, मास्तर… मला दिसतंय इथून, अख्खं गाव दिसतं. फाटकातून बाहेर पडलं की डावीकडे… उजवीकडे नाही, डावीकडे. मग वाचनालयाच्या बाजूची गल्ली… एकेरी आहे, माहितीये मला. उलटी घाला… मास्तर, जन्मभर नियम पाळलेत आणि पाळायला लावलेत, आज एक मोडा. समोरून कुणी येत नाहीये, मी बघतोय वरून, मोकळी आहे शेवटपर्यंत… इंडिकेटर कुणाला देताय? द्या, बरं, द्या.

हां साहेब… वाऱ्याचा आकडा? दिसतोय मला. हो, लाल रेघेच्या जवळ आलाय. उतरतो, साहेब. पाच मिनिटं… साहेब, बायकोला घेऊन गाडी निघालीये आणि रस्ता बंद आहे. मला वरून वाट दिसतेय, खाली आलो की काही दिसणार नाही. तेवढी पुलापलीकडे जाऊ द्या… क्रेनचा हात मोकळा सोडलाय, वाऱ्याबरोबर फिरेल, काही होत नाही. मी जबाबदार… बरं, तुम्ही जबाबदार. पाच मिनिटं.

हॅलो? कुठे पोहोचलात?… वाचनालय मागे गेलं? छान. आता कालव्याच्या कडेने सरळ. उजवीकडे शाळेचं मैदान लागेल, ते सोडा. मास्तर, किती वेगात आहात?… वीस? जरा पस्तीस-चाळीस करा… खड्डे आहेत, बरोबर आहे, तिला धक्का नको. तीस करा. तीस.

दिसली! अगं, दिसली मला तुमची गाडी. छतावर कॅरियर आहे ना? मागे चार-पाच जण हॉर्न मारतायत, ती तुमचीच. दिसतेय मला… आता एवढीशी, पण दिसतेय. मी बघतोय. तू आत आहेस आणि मी बघतोय.

काय?… मोठ्याने बोल, मास्तर ऐकले तर ऐकू देत…

असं नको म्हणूस.

नाही, तुला नाही कळत. आतलं तुला कसं कळेल? मागच्या तीन वेळांना तू काय म्हणाली होतीस? 'या वेळी नक्की लागलंय, मला आतून कळतंय.' आणि तिन्ही वेळा… म्हणजे तुला आतलं कळत नाही. सिद्ध झालंय. मग आज कसं कळेल गेलं म्हणून?… हो, कुठलाही मुद्दा काढतोय मी. मुद्दा बरोबर आहे की नाही?

दोन गर्भ सोडलेत आत. दोन. तो रक्ततपासणीचा आकडा बघून डॉक्टरबाई हसल्या होत्या ना, म्हणाल्या होत्या, दोन्ही लागलेत की काय बघू या सोनोग्राफीत… हो, पण हसल्या होत्या. त्या उगाच हसत नाहीत, तीन वर्षांत एकदा हसल्या.

डावीकडे, मास्तर, पूल आला. पुलावर चढा… चढा, चढा, ट्रक थांबलाय तुमच्यासाठी… हात नका दाखवू, धन्यवाद पोहोचले त्याला, जा.

गेलात पलीकडे. बस्स. आता सरळ. पिवळी इमारत दिसेलच… मला आता नाही दिसत तुम्ही. टाकीच्या आड गेलात.

ऐक, मी उतरायला लागतोय. फोन वरच्या खिशात ठेवतो, स्पीकरवर. तुझं ऐकू येईल. माझं कमी येईल, वारा आहे. पण मी आहे. बोलत राहा. काहीही बोल. मास्तरांना पाढे म्हणायला लाव… हो, निघालो.

…

हो, आहे! खिशात आहे!… काय? उतरतोय!… पहिल्या टप्प्यावर आलोय, अजून आठ आहेत… पोहोचलात? दारात? व्हीलचेअर आणा म्हणावं. पायी जाऊ नकोस एवढंसुद्धा… आणली. मास्तर कुठे आहेत?… गाडी आडवी लावून तशीच टाकली? मास्तरांनी? बघ, किती बिघडवलं आपण त्यांना.

थांब, उतरतो… थांब…

हां. दुसरा टप्पा. बोल… बसवून ठेवलंय? बाहेरच? किती वेळ?… आत एक बाई आहे. बरं. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. समोर काय आहे?… भिंतीवर बाळांचे फोटो. त्यांना काही अक्कलच नाही, तिथे कोण लावतं ते फोटो? दुसरीकडे बघ. मास्तरांकडे बघ… रडतायत? मास्तर?… अगं, त्यांना काय झालं?

…

असं म्हणाले?… त्यांच्या बायकोचं? दोनदा गेलं?… आणि आपल्याला कधी कळलं नाही. नऊ वर्षं डोक्यावर राहतात. आपण समजायचो, यांना मुलांचा आवाज नको, गाण्याचा नको, कसलाच नको… हो. धर त्यांचा हात. त्यांना बरं वाटेल. तुला पण.

उतरतो हं. एक टप्पा…

तिसरा… नाही, दम लागलाय फक्त. पाय ठीक आहेत माझे. तुझं सांग. अजून जातंय?… कमी झालंय? कमी म्हणजे चांगलं ना?… हो, बघितल्याशिवाय नाही. माझंच वाक्य मला ऐकवतेस.

काय?… आईला? आईला काय सांगायचं?

हं.

अगं, तुला एक सांगायचं राहिलंय. आत्ता सांगू का मागून… नाही, वाईट नाही. म्हणजे, मला माहीत नाही कसं आहे ते. आईला माहितीये.

सगळं. उपचार, सुया, तीन वेळा वाया गेलं ते. आणि माझा रिपोर्टपण.

मी सांगितलं. मीच… मागच्या महिन्यात, तू तुझ्या बहिणीकडे गेली होतीस ना रविवारी, तेव्हा गेलो होतो तिच्याकडे. ती कपड्यांच्या घड्या घालत बसली होती, आणि तुझ्यावरून सुरू झालं तिचं. नेहमीचंच. तिला चांगल्या डॉक्टरला दाखव, तिच्या माहेरी असं कुणाला होतं का विचार. मी खिशातून कागद काढला. म्हटलं, आई, हे माझं आहे. वर माझं नाव आहे, वाच. तिच्यात पहिल्या दिवसापासून काही दोष नव्हता. दोष माझ्यात आहे, शुक्राणूच नाहीत. शून्य लिहिलंय तिथे, शून्य. डॉक्टरांनी सुई घालून शोधून काढले कुठूनतरी पाच-सहा, म्हणून निदान गर्भ तरी झाले…

हो, तसंच सांगितलं. आईला. सुई कुठे घातली तेही… मग काय करू, तिने विचारलं.

 एकच टॉवेल हातात होता, त्याची घडी घातली, मोडली, परत घातली. तीन-चार वेळा. मग म्हणाली, ती एवढी वर्षं बोलली का नाही मला? मी म्हटलं, मी तिच्यापुढे हात जोडले होते, कुणाला कळू देऊ नकोस म्हणून. ती माझी लाज झाकत होती आणि तू तिला बोलत होतीस, आणि मी ऐकत होतो. मी शेजारी बसून ऐकत होतो, आई…

अगं, ऐकतेस ना?… हो. हो, खरंच म्हणालो.

म्हणून ती महिनाभर फिरकली नाही. तुला वाटलं रुसल्या. रुसलेली नाहीये, तिला तोंड दाखवायची हिंमत होत नाहीये तुला. मला म्हणाली, त्या लग्नघरात चारचौघींत मी तिला वांझ म्हटलं होतं, तो शब्द आता कुठे नेऊन टाकू… मला नाही माहीत तू काय करायचंस त्याचं. माफ करू नकोस पाहिजे तर. मला पण नको करूस, एवढ्यात तरी. फक्त तुला माहीत असावं. आज काहीही निघो त्या पडद्यावर, तुझ्यावर कुणी बोट ठेवणार नाही. आणि माझ्यासमोर तर नाहीच.

…

आहेस?

बोल ना काहीतरी.

…हो. उशीर केला मी. फार उशीर केला. खरंय.

बोलावलं? आता? जा, जा. फोन बंद करू नकोस! विचार त्यांना, फोन चालू ठेवला तर चालेल का. सांग, नवरा क्रेनच्या शिडीवर आहे… चालेल म्हणाल्या? उशीपाशी ठेव. मी गप्प उतरतो. शब्द काढणार नाही.

…

…

साहेब, आलो खाली. श्श… एक मिनिट. काही बोलू नका, सोनोग्राफीला घेतलंय तिला… नको, पाणी नको… बसतो, हो, इथेच बसतो, सिमेंटच्या गोण्यांवर. मिक्सर थांबवायला सांगा ना तेवढा, साहेब, काही ऐकू येत नाही… धन्यवाद.

…

हॅलो?… हॅलो, कुणी बोलत का नाहीये?

अगं?

काय म्हणाल्या?… मला पुटपुटल्यासारखं ऐकू आलं नुसतं. काय म्हणाल्या त्या?

रिकामी? एक पिशवी… म्हणजे एक गेलं.

एक गेलं.

हं… हं… म्हणजे दोन होते. दोन्ही लागले होते.

आणि दुसरं?

अगं, दुसरं? रडू नकोस, आधी सांग, दुसऱ्याचं काय?… डॉक्टरबाईंना दे. त्यांना दे फोन, मला कळत नाहीये तू काय म्हणतेस…

हो डॉक्टरबाई… हो, मीच. उतरलो, जमिनीवर आहे, सांगा तुम्ही…

आहे?

ठोका आहे? दिसला तुम्हाला? तुमच्या डोळ्यांनी दिसला ना?… एकशे अठरा. एकशे अठरा चांगलं असतं का कमी असतं? मला काही… बरं. या आठवड्याला चांगलं. चांगलं म्हणालात ना तुम्ही? 'चांगलं' म्हणालात… हो. आजूबाजूला रक्त साठलंय. म्हणजे अजून जाऊ शकतं… अजून आठ दिवस काही सांगता येत नाही. हो. कळलं. मला खोटं नकोच आहे, बाई… नाही, आनंदच आहे. आनंद आहे, पण… हो. दोन होते ना. आत्ताच कळलं दोन होते, आणि आत्ताच… हो. कळतंय तुम्ही काय म्हणताय.

एक विचारू? ती मशीनवर बसली होती सकाळी. शिलाईच्या… त्याने? नाही ना?… तिला सांगाल का हे तुम्ही? माझ्यावर नाही विश्वास ठेवणार ती, मी तिच्यावर ओरडलो होतो. तुम्ही सांगा. मोठ्याने सांगा, तिच्याकडे बघून… हं… सांगितलंत. ऐकलं मी. उपकार झाले.

हां, मीच आहे. बोल.

…

रड. मी पण… हो. साहेब बघतायत, बघू देत.

अगं, मला नाही माहीत हसायचं की रडायचं. आपल्याला कुणी शिकवलंय का हे? एकाचं दुःख करायचं आणि एकाला ऐकू जाऊ द्यायचं नाही… दोघांना आत एवढीशी जागा, शेजारी शेजारी होते… हो. हो गं. तू नको आता असं काही बोलूस, नाहीतर मला इथून उठताच येणार नाही.

किती दिवस झोपायचं?… आठ दिवस सक्त. मग परत बघणार. बरं. काढू. आठ दिवस काढू, मग पुढचे आठ. मशीन मी उचलून मास्तरांकडे ठेवून येतो… पोहोचव म्हणे कॉलरी! तू ना… हो, बरं, पोहोचवतो शाळेत, मी स्वतः. शिवलेल्या तेवढ्या.

आई? तिला यायचंय म्हणून… कुणी सांगितलं तुला?… तुला फोन केला तिने? आत्ता? मधेच?… तू उचलला नाहीस. मग?… मेसेज टाकला, 'येऊ का भेटायला?'… तिला आजचं काही माहीत नाही गं. बरं. तुला वाटेल तेव्हा उचल. आज नाही वाटलं तर आज नाही. मी सांगतो तिला, थांब म्हणून.

निघालो मी. साहेब गाडी काढतायत. त्या मागच्याच रस्त्याने येतो… नाही, मी चालवत नाहीये, साहेब चालवतायत, ते वीसने नाही जात…

काय? सिस्टरना द्यायचाय फोन? कशाला? काय झालं?… फॉर्म. बरं, दे. दे.

हॅलो… हो सिस्टर, बोला… ॲडमिट करून घेताय, हो… कुणाची सही?

कोण?

…हो. हो, मीच. मीच बाळाचा बाप… नाही, नाही, ऐकू आलं मला, पहिल्यांदाच ऐकू आलं. परत विचारलंत तरी चालेल.

पोहोचतो. दहा-पंधरा मिनिटं. तोवर तिला एकटं सोडू नका, ती दाखवत नाही पण घाबरलीये फार. मीही… सिस्टर, सही थोडी वाकडी आली तर चालते ना? हो?… बरं. ठेवतो.